करार, तारण, माउली : मराठी ख्रिस्ती साहित्यातील देवाशी असलेल्या नात्याची भाषा

ख्रिस्ती धर्मविचारात देव हे केवळ एक तत्त्व नव्हे. तो बोलतो, हाक मारतो, रागावतो, क्षमा करतो. आणि मनुष्य त्याला उत्तर देऊ शकतो, नाकारू शकतो, त्याच्यापासून पळूही शकतो. पाप म्हणजे नियमाचा भंग एवढाच अर्थ येथे पुरत नाही. पाप म्हणजे मूलतः एका नात्याचा भंग. क्षमा म्हणजे ते नाते पुन्हा जुळणे. ख्रिस्ती प्रवचनांत आणि साक्षींत ‘देवाशी वैयक्तिक नाते’ हा जो शब्दप्रयोग वारंवार ऐकू येतो, त्याच्या मुळाशी ही कल्पना आहे. मंदिर, विधी, कुल, जात यांतून वारशाने मिळणारा धर्म वेगळा आणि ‘तू’ म्हणून एका व्यक्तीशी जडलेला संबंध वेगळा, असा भेद त्यात गृहीत धरलेला असतो.

ही कल्पना मराठीत आली तेव्हा तिला शब्द कोठून मिळाले, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो वरवर भाषिक दिसला तरी तसा नाही. ख्रिस्ती मराठी साहित्यातील देवाविषयीची जवळीक ही भक्तिसंप्रदायांची उसनवारी आहे, असे एका बाजूने म्हटले जाते. उलट बाजूने, भक्तीची परिभाषा वापरल्याने ख्रिस्ती अनुभवाचे वेगळेपण बुडते, अशी शंका खुद्द ख्रिस्ती मंडळीतही वेळोवेळी व्यक्त झाली आहे. दोन्ही मतांचा निवाडा शब्दांकडे बारकाईने पाहिल्याशिवाय होणार नाही.

प्रथम एक साधी गोष्ट पाहू. वऱ्हाडात हिवरखेड नावाची गावे आहेत. एक अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडील कापूसपट्ट्यात; दुसरे अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात. अशा गावातून विद्यापीठात आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती मराठी बायबल दिले तर त्याला अनेक शब्द ओळखीचे वाटतील, पण ते देवळातले म्हणून नव्हेत. ‘तारण’ हा शब्द त्याने सेवा सहकारी सोसायटीच्या कर्जप्रकरणात ऐकलेला असतो : जमीन तारण, पीक तारण. ‘करार’ त्याने शेत बटाईने देताना ऐकलेला असतो. ‘साक्ष’ तहसिलीत किंवा कोर्टात होते. ‘वारीस’ सातबाऱ्यावरील नोंदीच्या वेळी लागतो. ‘मध्यस्थ’ सोयरिकीत असतो, तसाच गुरांच्या बाजारातही. बायबलच्या पूर्वार्धाला आणि उत्तरार्धाला मराठीत ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ म्हणतात. मुक्तीला ‘तारण’ म्हणतात. आपला अनुभव सभेपुढे सांगण्याला ‘साक्ष देणे’ म्हणतात. येशू हा देव आणि मनुष्य यांमधील ‘मध्यस्थ’. पौलाच्या पत्रांत विश्वास ठेवणारे देवाचे ‘वारीस’ होतात आणि त्यांना ‘दत्तकपणा’ लाभतो. पवित्र आत्म्याला तर ‘विसार’ म्हटले आहे. बैलजोडीचा सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून आगाऊ दिलेली रक्कम, हा विसाराचा अर्थ आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

म्हणजे ज्याला आज आपण अत्यंत खाजगी, अंतरीचे नाते म्हणतो, त्याची मराठी परिभाषा निम्मीअधिक कचेरीतून आणि बाजारातून आलेली आहे. ‘करार’ अरबीतून फारसीच्या मार्गे आलेला, ‘वारस’ही तसाच, ‘दत्तक’ धर्मशास्त्रातला, ‘तारण’ तेवढा दोन्ही घरचा पाहुणा आहे. बुडणाऱ्याला तारणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि ऋणको बुडाला तरी धनकोला तारणारी वस्तू तीही तारणच, असा दुसऱ्या अर्थाचा संबंध लावता येतो.

यावरून काही अभ्यासक असा निष्कर्ष काढतील की इंग्रजी अमदानीतील मिशनरी आणि त्यांचे पंडित यांना कचेरीचीच मराठी अधिक परिचित होती, म्हणून अनुवाद असा कोरडा झाला. हा निष्कर्ष घाईचा आहे. पौलाचे मूळ ग्रीक पाहिले तर तेथेही परिस्थिती हीच आहे. ‘करारा’साठी त्याने वापरलेला शब्द मृत्युपत्रालाही चालतो. दत्तकविधानाची कल्पना त्याने आपल्या काळातील कायद्याच्या व्यवहारातून घेतली. ‘विसारा’साठीचा ग्रीक शब्द व्यापाऱ्यांचाच आहे, आणि तोही ग्रीकमध्ये सेमिटिक भाषांतून आलेला. तेव्हा मराठी अनुवादकांनी काही बिघडवले नाही. उलट ‘विसार’ हा शब्द निवडताना त्यांनी विलक्षण अचूकपणा दाखविला. कायद्याची भाषा पौलाला का हवी होती हेही समजण्यासारखे आहे. भावना येते आणि जाते. दत्तक घेतलेला मुलगा मात्र बापाची मर्जी फिरली म्हणून परका होत नाही. नात्याची हमी भावनेच्या बाहेर कोठेतरी असावी लागते, आणि ती सांगायला कचेरीची भाषाच उपयोगी पडते. त्याच पौलाच्या पत्रात दत्तकपणाचा उल्लेख झाल्याबरोबर लगेच ‘अब्बा’ हा अरामी शब्द येतो, घरातला मुलगा बापाला ज्या शब्दाने हाक मारतो तो. कचेरी आणि ओसरी एकाच वाक्यात.

मराठीत ओसरीची भाषा यायला मात्र वेळ लागला.

फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठी वाङ्मयेतिहासात एव्हाना मान्यता पावला आहे. त्याच्या भाषेविषयी येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. आपल्या प्रश्नापुरते एवढेच नोंदवावेसे वाटते की तो पुराण आहे. वक्ता आहे, श्रोते आहेत, शंका आणि समाधान आहे. देवाची कथा सांगितली जाते, ती सर्वांनी मिळून ऐकावयाची आहे. आरंभीच्या नमनात कवी देवाला संबोधतो, पण ग्रंथाचा गाभा संबोधनाचा नाही, कथनाचा आहे. जो समाज नुकताच आपल्या पुराणांपासून तोडला गेला होता त्याला पुराणाच्या जागी पुराण देणे हे त्याचे कार्य होते आणि ते त्याने उत्तम केले. एकट्या जीवाने देवाशी करावयाचे बोलणे त्यात शोधणे म्हणजे विहिरीवर जाऊन नदी मागणे.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्याकडे आलो की आपण अगदी वेगळ्या हवेत येतो. १८५४ मध्ये त्यांनी बेळगावात बाप्तिस्मा घेतला. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) सर्वश्रुत आहे. पण येथे महत्त्वाचे आहे ते त्यांचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते, आणि एका माणसाने आपला धर्म का बदलला याचा जबाब हेच त्याचे प्रयोजन आहे. परमहंस सभेतील बैठका, शाळेतील वादविवाद, मूर्तिपूजेविषयीची शंका, घरच्यांचे दुःख, हे सारे त्यात येते. पदमनजींच्या मनाची घडण तर्काची आहे. देव आहे काय, शास्त्र खरे कोणते, पुरावा कोणता, अशा पायऱ्यांनी ते चढतात. प्रार्थना येते ती या चढणीच्या शेवटी. ‘साक्ष’ हा शब्द कचेरीतला आहे असे वर म्हटले. ‘अरुणोदय’ ही त्या अर्थाने खरीखुरी साक्ष आहे, वकिलाने तपासावी अशी.

पंडिता रमाबाईंचे प्रकरण या तर्काच्या मर्यादा दाखविते. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतरचा त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. त्यात त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी आणि चर्चच्या अधिकाराविषयी बाईंनी सिस्टर जेराल्डीन व डोरोथिया बील यांच्याशी घातलेला वाद वाचताना, ही स्त्री कोणाचेच शिष्यत्व सहजासहजी पत्करणारी नव्हती, हे स्पष्ट होते. पुढे ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि वर्षभराने ते पुण्यास आले. आपल्या १९०७ मधील आत्मनिवेदनात बाईंनी या काळाकडे वळून पाहताना जे म्हटले आहे त्याचा आशय असा : बाप्तिस्मा घेतला तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडला त्याला पुढे आणखी आठ वर्षे लागली.

हे विधान मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासात केंद्रस्थानी ठेवावयास हवे. धर्म आणि नाते यांतील भेद याहून नेमका कोणी सांगितलेला नाही. आणि तो सांगणारी व्यक्ती हिंदू धर्माविरुद्ध नव्हे, तर आपल्याच पूर्वीच्या ख्रिस्तीपणाविषयी बोलत आहे. बाईंचे पूर्वायुष्य पाहिले म्हणजे याची धार कळते. आईवडिलांबरोबर तीर्थे फिरत, पुराणे सांगत त्यांचे बालपण गेले. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील व बहीण डोळ्यांदेखत गेली. देवाची उपासना त्या घराने काटेकोरपणे केली होती. उपासनेने उत्तर येत नाही हा अनुभव त्यांनी एकदा घेतला होता, आणि इंग्लंडमध्ये शिकलेल्या प्रार्थनाविधीत तोच अनुभव पुन्हा येऊ लागला असेल तर त्यांना हवे होते ते तिसरे शास्त्र नव्हते.

केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ मध्ये जे पुनरुज्जीवन झाले, त्यात शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने, प्रत्येकजण आपापल्या शब्दांत प्रार्थना करीत. शिस्तप्रिय पाहुण्यांना हा गोंगाट वाटला. परंतु दुष्काळातून उचलून आणलेल्या, ज्यांना आजवर कोणी काही विचारलेही नव्हते अशा मुलींना आपला शब्द आपण उच्चारता येतो, तो ऐकला जातो, हे सांगणारी दुसरी जागा त्या काळी महाराष्ट्रात फारशी नव्हती. बाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम केले, त्यामागेही हीच दृष्टी होती : पंडिताला नव्हे, चुलीपाशी बसलेल्या बाईला वाचता यावे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथ छापून पूर्ण झाला तो त्यानंतर.

वऱ्हाडशी बाईंचा एक दुवा सहसा दुर्लक्षिला जातो. अकोला हे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनचे महत्त्वाचे केंद्र होते आणि तेथे काम केलेल्या जेनी फुलर यांच्या, हिंदी स्त्रियांच्या दुःस्थितीवरील १९०० मधील इंग्रजी पुस्तकाला रमाबाईंची प्रस्तावना आहे.

दुसरा वऱ्हाडी दुवा नारायण वामन टिळकांच्या चरित्रात आहे. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. कवितेवर बोलणे झाले, त्याने नवा करार हाती ठेवला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. हा प्रवासी म्हणजे फ्री मेथॉडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड. यवतमाळ हे या मिशनचे पुढे मुख्य ठाणे झाले. तेथील धर्मशिक्षणाच्या कामातूनच १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली आणि १९८३ मध्ये ती पुण्यास हलली. टिळकांना वाद घालून कोणी जिंकले नाही. डोंगरावरील प्रवचनाशी ते थांबले आणि तेथून पुढे गेले नाहीत असे म्हटले तरी चालेल. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

टिळकांचे वाङ्मयीन कार्य नेमके कोणते? तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणी आलो, असे ते म्हणत. हे वाक्य इतक्या वेळा उद्धृत झाले आहे की त्याचा अर्थ कोणी तपासत नाही. पूल ओलांडला म्हणजे मागे पडतो. टिळकांनी तो मागे टाकलेला नाही. ‘अभंगांजली’तील रचना पाहिल्या तर त्यांनी तुकोबांकडून छंद घेतला, त्याहून अधिक म्हणजे संबोधनाची रीत घेतली. मराठी घरात, निदान टिळकांच्या काळच्या ब्राह्मण घरात, बापाला ‘तुम्ही’ म्हणत, आईला ‘तू’. बायबलच्या मराठी अनुवादात देव ‘पिता’ आहे आणि क्रियापद ‘तू’चे आहे. व्याकरणाने जवळीक येते, पण कान ती पूर्णपणे मान्य करीत नाही. बापाला ‘तू’ म्हणणे हे ग्रांथिकच वाटते. वारकऱ्यांनी हा पेच केव्हाच सोडविला होता. त्यांनी विठोबाला माउली केले आणि ‘तू’ आपोआप खरा झाला. टिळकांनी ख्रिस्ताला माय आणि गुरू म्हणून हाक मारली ती या अर्थाने पाहावी. हा शोभेचा अलंकार नव्हे. पित्याविषयीचा जो जिव्हाळा अरामी ‘अब्बा’त होता, तो मराठीत ‘माय’ या शब्दाखेरीज उतरला नसता. वऱ्हाडात तर आईला आजही ‘माय’च म्हणतात, तेथील वाचकाला याचे स्पष्टीकरण नको.

मग ही उसनवारी आहे काय? मला तसे वाटत नाही, आणि याचे कारण शब्दांत नाही, क्रमात आहे. वारकरी अभंगात भक्त देवाकडे धावतो, देव उशीर करतो, भक्त रुसतो, भांडतो, आळ घेतो. टिळकांच्या पदांत शोध घेणारा मुख्यतः देव आहे. भक्त हा सापडलेला आहे. हरवलेल्या मेंढराच्या दृष्टान्ताची ही उलट दिशा त्यांच्या रचनेत सर्वत्र आहे. शिवाय क्षमेची किंमत एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट टेकडीवर, एका माणसाने दिली, ही ऐतिहासिकता ते कोठेही सैल होऊ देत नाहीत.

इतिहासात घडलेली व्यक्ती आणि तिच्याशी आज जोडावयाचे नाते, या प्रश्नावर वऱ्हाडची स्वतःची एक जुनी परंपरा आहे, आणि ती वारकरी परंपरेपेक्षा येथे अधिक उद्बोधक ठरते. मोर्शी तालुक्यातच रिद्धपूर आहे. तेथे २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले आहे. गोविंदप्रभूंच्या या गावी, चक्रधरांच्या प्रयाणानंतर, म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीच्या दशकांत ‘लीळाचरित्रा’ची सामग्री ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडून गोळा केली. लहान लहान प्रसंग, उद्गार, कोण कोठे बसले होते याचाही तपशील : शुभवर्तमानांशी याचे रूपसाम्य वाचणाऱ्याच्या सहज लक्षात येते. दोन्हीकडे ईश्वर देहाने वावरला, लोकांबरोबर जेवला, मग दिसेनासा झाला. आणि मागे राहिलेल्यांनी आठवणी जपल्या. महानुभावांनी या दोन अवस्थांना नावे दिली : सन्निधान आणि असन्निधान. असन्निधानात साधकाने अटन करावे, स्मरण करावे, पुन्हा सन्निधान लाभेल म्हणून झुरावे. ख्रिस्ती विचाराने येथे वेगळे वळण घेतले. प्रभू गेला, पण त्याचा आत्मा आता येथे आहे, म्हणून हा काळ निव्वळ असन्निधानाचा नाही. ‘विसार’ हातात आहे, उरलेली रक्कम यावयाची आहे. वैयक्तिक नात्याविषयीचा ख्रिस्ती आग्रह याच ‘विसारा’वर उभा आहे. तुलनेसाठी सुपीक असलेले हे क्षेत्र आपल्याकडील प्रबंधांनी अजून पुरेसे नांगरलेले नाही.

टिळकांवर एक आक्षेप मात्र घ्यावा लागतो. तुकोबांचा गोडवा त्यांनी घेतला, भांडण घेतले नाही. भांडण हे तर वैयक्तिक नात्याचे सर्वांत पक्के लक्षण. तत्त्वाशी कोणी भांडत नाही. आणि बायबलमध्ये त्याची उणीव आहे असेही नाही. ईयोब देवाला न्यायालयात खेचू पाहतो, यिर्मया फसविल्याचा आरोप करतो, स्तोत्रसंहितेत कितीतरी स्तोत्रे तक्रारीची आहेत. मराठी ख्रिस्ती पदांत हा स्वर क्षीण आहे. पदे सभेत एकसुरात गावयाची होती, मिशनच्या छापखान्यात छापावयाची होती, आणि नव्या धर्माच्या विरोधकांना आयते हत्यार द्यावयाचे नव्हते. ही कारणे समजतात. भांडण हवे असेल तर ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे, पण ते नवऱ्याशी!

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. पती ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर होत्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळे सोडले नव्हते. त्यांच्यात झालेला बदल पदमनजींच्या तर्काने आला नाही आणि रमाबाईंच्या शोधानेही आला नाही. जातिभेद देवाने केला की माणसांनी, हा प्रश्न एकदा मनात उभा राहिला, आणि कोणाच्याही हातचे पाणी चालेल असा निर्णय त्यांनी आधी घेतला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. देवाशी नाते येथे शेजाऱ्याच्या तांब्यातून येते. हे वेगळेपण महत्त्वाचे आहे, कारण ‘वैयक्तिक’ या शब्दाचा अर्थ सर्वांना सारखा नव्हता. सवर्ण धर्मांतरिताला वैयक्तिक निर्णय म्हणजे घरातून बाहेर पडणे : पदमनजी, टिळक यांची आत्मकथने व चरित्रे या तुटण्याने भरलेली आहेत. अहमदनगरच्या आणि इतर जिल्ह्यांच्या खेड्यांत महार-मांग कुटुंबे एकत्रितपणे ख्रिस्ती झाली, तेव्हा घर तुटले नाही. ज्या देवळात पाऊल टाकता येत नव्हते त्याच्या जागी एक असे घर मिळाले की जेथे देवाला हाक मारण्यासाठी वेशीबाहेर उभे राहावे लागत नव्हते. त्यांची साक्ष बहुधा छापली गेली नाही, गायली गेली. आपण ज्याला मराठी ख्रिस्ती साहित्य म्हणून अभ्यासतो ते मुख्यतः तुटलेल्यांचे साहित्य आहे, हे भान ठेवूनच त्यातील ‘मी’ आणि ‘तू’ वाचले पाहिजेत.

टिळकांना हे उमगले होते असे त्यांच्या अखेरच्या पर्वावरून दिसते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तेथे ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून प्रवेश होता. मंडळीच्या नोंदवहीपेक्षा नाते मोठे, ही भूमिका त्यात उघड आहे. तिचे परिणाम काय झाले असते हे सांगता येत नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले. कचेरीच्या भाषेने दिलेली हमी सोडून केवळ माउलीच्या भाषेवर समाज उभा राहतो काय, हा प्रश्न मात्र पुढील ख्रिस्ती लेखकांना सुटला नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ (२०१०) सिद्ध करताना आजच्या मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी भाषा योजिली, तरी ग्रंथाच्या दोन भागांची नावे ‘करार’च राहिली. याच दिब्रिटोंना २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले.

टिळकांनी १९०९ मध्ये ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते. दहा-अकरा अध्यायांनंतर ते थांबले. पुढचे साठाहून अधिक अध्याय, ज्या लक्ष्मीबाईंना अक्षरओळखही लग्नानंतर नवऱ्याने करून दिली होती, त्यांनी लिहून काव्य पूर्ण केले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९३८ मध्ये मुलाने, देवदत्त टिळकांनी, ते प्रसिद्ध केले.